सोळा आणे न लागणारा तंबोरा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून घेतलेल्या माझ्या तंबोऱ्याला आता अठरा महिने झाले. घेतल्यानंतर तिसऱ्या महिन्यात मी त्याच्याविषयी चार ओळी लिहून ठेवल्या होत्या आणि त्यांत त्याला दहापैकी दहा गुण दिले होते. सहा महिन्यांनी तेच टिपण वाचले तेव्हा आठ पुरेसे वाटले. आज गुण द्यायचे झाले, तर मी सातच्या वर जाणार नाही. या काळात वाद्य बिघडलेले नाही; ज्यांना यातले कळते त्यांच्या मते लाकूड मुरल्यामुळे त्याचा आवाज थोडा सुधारलाच आहे. शिवाय आज कोणी दुप्पट पैसे देऊ केले तरी मी तो देणार नाही. गुण उतरत जावेत आणि जीव मात्र जडत जावा, हा काय प्रकार आहे हे स्वतःलाच नीट कळावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. तंबोरा घेण्याच्या विचारात असलेल्यांना त्याचा उपयोग झाला तर उत्तमच.

आधी व्यवहाराचे बोलू. तंबोरा पुरुषी आवाजाचा, म्हणजे मोठ्या भोपळ्याचा आहे. माझी पट्टी काळी एक असल्यामुळे बायकी तंबोरा चालण्यासारखा नव्हता. उंची जवळजवळ पाच फूट. तबली आणि दांडी तुणीच्या लाकडाची, घोडी (जिच्यावर तारा टेकतात ती पट्टी) हाडाची, तारा चार: पहिली पंचमाची, मधल्या जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या, दोन पोलादी, खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची, पितळेची. जाड अस्तराच्या गवसणीसह मी 32,000 रुपये मोजले. नक्षीकाम मी मुद्दाम कमी करून घेतले, तरी दांडीवरच्या वेलीतले एक पान शेजारच्या पानापेक्षा अंमळ मोठे आहेच. दोन खोल्यांच्या घरात हे वाद्य ठेवायला कोपरा लागतो, त्या कोपऱ्यात ऊन येऊन चालत नाही, ओल असून चालत नाही आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लहान मुलांना तार ओढण्याचा मोह होऊनही चालत नाही. या सगळ्या अटी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एकाच कोपऱ्यात पूर्ण होत नाहीत, हे घेण्याआधी लक्षात घ्यावे.

मिरजच का, हे अनेकांनी विचारले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथे तंतुवाद्ये घडवली जातात. हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांकडे, हत्यारांची मागणी ओसरल्यावर, वाद्यांच्या दुरुस्तीचे काम आले आणि त्यातून वाद्ये घडवण्याचा व्यवसाय उभा राहिला, असे तेथे सांगितले जाते. या परंपरेचा आरंभ फरीदसाहेबांपासून धरतात. पुढे ‘सतारमेकर’ हेच आडनाव झाले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकनामुळे मिरजेच्या नावाखाली भलतेच वाद्य विकण्याला आळा बसेल, अशी आशा आहे. माझ्यापुरते सांगायचे, तर मानांकनाच्या आधीपासूनच आमच्या गुरू, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, त्यांनी दुसऱ्या कोणत्याही गावाचे नाव घेऊ दिले नव्हते.

तंबोऱ्याच्या आधी पाच वर्षे माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी होती आणि ती अजून आहे. तिची बाजू आधी मांडतो, कारण यंत्राला नावे ठेवून हाताच्या कामाची आरती ओवाळणारी परीक्षणे आपण पुष्कळ वाचली आहेत. पेटी स्वस्त आहे, पाऊस असो की मे महिना, तिचा षड्ज जागचा हलत नाही, प्रवासात ती पिशवीत मावते आणि पहाटे साडेपाचला शेजाऱ्यांची झोप न मोडता आवाज लहान करता येतो. नवशिक्याला तर मी आजही पेटीच घ्यायला सांगेन. ज्याला तार लावता येत नाही, त्याच्या हाती तंबोरा देणे म्हणजे खोटा तराजू देऊन दुकान उघडायला सांगण्यासारखे आहे. चुकीच्या लागलेल्या तंबोऱ्यावर केलेला वर्षभराचा रियाज गळ्यातून काढायला दोन वर्षे लागतात. पेटीमुळे माझा षड्ज स्थिर झाला, याचे श्रेय मी तिला देतो.

पेटीची अडचण वेगळी आहे. ती लागलेलीच असते. तिला लावताना माझा काहीच संबंध येत नाही, त्यामुळे ‘लागले’ म्हणजे नक्की काय झाले, हे पाच वर्षांत मला कधी कळले नाही. माझा आवाज तिच्याशी जुळला की नाही, एवढेच ती सांगत राहिली. तंबोऱ्याने पहिल्याच आठवड्यात हा क्रम उलटा केला. गाण्याआधी त्याला लावावे लागते आणि लावण्यासाठी जो कान लागतो, तो लावून लावूनच तयार होतो. म्हणजे काम सुरू करण्याची जी अट, तीच त्या कामाचे फळ आहे! पहिले पंधरा दिवस मी दररोज अर्धा तास खुंट्या पिळत बसलो आणि शेवटी पेटी लावून गायलो.

मग हळूहळू जमू लागले. खुंट्यांनी तारा साधारण जागेवर आणायच्या, मग तारेत ओवलेले मणी वर-खाली सरकवून राहिलेला फरक काढायचा आणि शेवटी घोडीवर तारेखालचा दोरा केसभर मागे-पुढे करून जवारी, म्हणजे घोडीच्या बाकातून उमटणारा तारेचा झणकार, बोलती करायची. तिसऱ्या महिन्यात माझा तंबोरा पाच मिनिटांत लागत असे. त्या आनंदाच्या भरातच ते दहापैकी दहा गुण लिहिले गेले होते. आज अठराव्या महिन्यात तोच तंबोरा लावायला मला वीस मिनिटे लागतात आणि वीस मिनिटांनंतरही मी समाधानाने उठतो असे नाही. जोडाच्या दोन तारांमध्ये संथपणे हेलकावणारे एक आंदोलन मला आता ऐकू येते, जे तेव्हा ऐकू येत नव्हते. वाद्याने माझा कान घडवला आणि त्या घडलेल्या कानाने वाद्याचेच दोष काढायला सुरुवात केली. ज्या गोष्टीचा दर्जा मोजायचा, तीच गोष्ट मोजपट्टी बारीक करत नेत असेल, तर गुण उतरणारच. बाईंना हे सांगितले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “पाच मिनिटांत लागत होता, तेव्हा तो लागत नव्हता हो. तुम्ही थांबत होतात.”

येथे थोडे जवारीविषयी सांगायला हवे, कारण हे वाद्य विकत घेणे म्हणजे मुख्यतः जवारी विकत घेणे असते. घोडीचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण त्याला अगदी सूक्ष्म बाक दिलेला असतो. कंप पावणारी तार त्या बाकाला घासत, स्पर्श करत राहते आणि त्यामुळे एकाच तारेतून मूळ स्वराच्या वरचे कितीतरी स्वर, म्हणजे उपस्वर, उमलत जातात. तारेला जेथे छेडावे, तेथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू असतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे. तंबोरा आणि वीणा हा नियम जुमानत नाहीत, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये दाखवून दिले आणि त्याचे कारण या बाकदार घोडीत आहे असे सांगितले. शुद्ध, स्वच्छ कंपनाच्या दृष्टीने पाहिले, तर तारेने घोडीला घासणे हा दोष आहे; सतारमेकर तो दोष मोठ्या काळजीने, कानस आणि काचकागद घेऊन, तासन्‌तास बसून निर्माण करतो.

जवारी काढताना मी शेजारी बसलो होतो. काम करणारे चाचा सत्तरीच्या पुढचे असावेत. दोन-चार वेळा घासून, तार चढवून, ऐकून झाल्यावर त्यांनी मला विचारले, “साहेब, किती उघडू? लई उघडली तर ओरडंल, बंद केली तर मुकी हुईल. मधी कुठं थांबायचं, ते तुम्ही सांगा.” मी म्हणालो, “चाचा, तुम्हीच ठरवा, तुम्हाला जास्त कळतं.” त्यावर ते म्हणाले, “मला माझं कळतंय. गाणार तुम्ही.”

हे उत्तर तेव्हा मला ग्राहकाला टाळण्यासारखे वाटले होते. त्यात खरी अडचण होती हे पुढे कळले. उघडी जवारी झळाळते, तिच्यातून उपस्वरांचा वर्षाव होतो, पण मूळ स्वर त्यात पातळ होतो आणि बारीक आवाजाच्या गायकाला तो वर्षाव झाकून टाकतो. बंद जवारीत मूळ स्वर भरीव असतो, पण वरचे दालन अंधारे राहते. दोन्ही गुण एकाच घोडीवर पूर्णपणे नांदत नाहीत. एक वाढवला की दुसरा त्याच हिशेबाने घटतो. त्यातही मौज अशी, की जितका वेळ तंबोरा छेडाल तितका तारेमुळे घोडीवर चर पडत जातो आणि साधलेला बाक झिजतो. जवारी टिकवायची असेल तर तंबोरा वाजवू नये. माझी जवारी आठव्या महिन्यात एकदा पुन्हा काढावी लागली. ते काम पुण्यातच एका कारागिराकडून करून घेतले आणि तो निर्णय चुकला. आवाज तार ताणलेल्या डब्यासारखा झाला आणि शेवटी मिरजेलाच जावे लागले. दोन्ही खेपांचा खर्च धरून सुमारे 4,000 रुपये त्यात गेले, हे किमतीत मिळवून धरावे.

आता ज्या गोष्टीने माझा बराचसा गर्व उतरला, तिच्याकडे येतो. तंबोरा चांगला लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, हे सगळे जाणतात. पहिल्यांदा तो ऐकू आला त्या दिवशी मी घरात सगळ्यांना बोलावून ऐकवले आणि कोणालाच तो ऐकू आला नाही. त्याचप्रमाणे पंचमाच्या तारेतून रिषभ बोलतो. हे दोन्ही स्वर तंबोऱ्याने स्वतः दिलेले, म्हणजे त्यांच्या शुद्धतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आता धैवत लावायचा आहे. तो तंबोऱ्याच्या रिषभाशी षड्ज-पंचम भावाने, म्हणजे सा आणि प यांच्यातल्या अंतराने, जुळवला तर षड्जाशी त्याचे प्रमाण 27/16 येते. तंबोऱ्याच्या गंधाराशी षड्ज-मध्यम भावाने, म्हणजे सा आणि म यांच्यातल्या अंतराने, जुळवला तर 5/3 येते. हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराचे शंभर भाग केले, तर या दोन धैवतांमध्ये साडेएकवीस भागांचा फरक पडतो. तो सरावलेल्या कानाला स्पष्ट कळतो. एकाच तंबोऱ्याने दिलेले दोन निर्दोष स्वर, आणि त्या दोघांशीही इमान राखणारा धैवत अस्तित्वातच नाही. हा गळ्याचा, कानाचा किंवा कारागिराचा दोष नव्हे. अंकांचेच ते म्हणणे आहे. शुद्ध पंचमाच्या बारा पायऱ्या चढून गेले, तरी सात सप्तके नेमकी भरत नाहीत, थोडे वर ओसंडते. हेही त्याच जातीचे भांडण.

या भांडणावर तोडगे निघाले नाहीत असे नाही. हार्मोनियमने सगळ्या स्वरांना थोडे थोडे खोटे करून सप्तक बारा सारख्या भागांत वाटून टाकले, त्यामुळे तिचा गंधार तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा सुमारे चौदा भागांनी चढा असतो. आकाशवाणीने 1940 पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला दाराबाहेर ठेवले, त्यामागच्या कारणांत हेही एक होते. दुसरा तोडगा तर मिरजेच्या शेजारीच, सांगलीत निघाला. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांची, गणिती प्रमाणे बसवून 1910 मध्ये ती प्रसिद्ध केली, किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यावर ती तपासली आणि आय. सी. एस. अधिकारी क्लेमंट्स यांच्या साहाय्याने श्रुतींची खास हार्मोनियम घडवून घेतली. 1916 मध्ये बडोद्याला झालेल्या संगीत परिषदेत या प्रश्नावर मोठे मतभेद झाले आणि ती पेटी पुढे घरोघर गेली नाही. देवलांच्या चिकाटीविषयी मला फार आदर आहे. एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याने स्वरांचा सातबारा एकदाचा पक्का करून टाकावा, या ध्यासात काहीतरी अतिशय आपले, मराठी आहे. पण सातबारा पक्का झाला, तरी बांधावरून चालणारा माणूस बांध सोडतोच.

कारण गाणाऱ्याने हा प्रश्न केव्हाच वेगळ्या रीतीने सोडवला होता: कोणता धैवत बरोबर, हे राग ठरवतो. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, देशकारात धैवत वादी. जाणकार सांगतात की देशकाराचा धैवत भूपाच्या धैवतापेक्षा किंचित चढा लागतो. भूपातला अचूक धैवत देशकारात जसाच्या तसा नेऊन ठेवला, तर तो कमी पडतो. बाईंकडे दोन महिने मी हा एक फरक गळ्यात उतरवण्याचा प्रयत्न करत आहे आणि अजून दहातून तीन वेळा जमतो. पूर्वी ‘सुरेल’ हा शब्द मी कोणत्याही गायकाला सरसकट लावत असे. आता वापरताना अडखळतो, कारण तो लगेच विचारतो: कोणत्या रागात, कोणत्या स्वराच्या बाजूने?

माणसाच्या बाबतीतही आपण असेच सरसकट विशेषण वापरतो आणि फसतो, असे मला या निमित्ताने वाटू लागले. परिपूर्ण माणूस म्हणजे एकाच वेळी परखड आणि मृदू, शिस्तीचा आणि मनमोकळा, स्वतःविषयी कठोर आणि तरी प्रसन्न, अशी जी यादी आपण करतो, ती धैवताला रिषभाशी आणि गंधाराशी एकाच क्षणी जुळायला सांगण्यासारखी आहे. मी नोकरीत तीस वर्षे हिशेबतपासणी केली. एक पैचा फरक न सोडणे हा तेथे माझा गुण होता. तोच गुण घरी आणला तेव्हा त्याने काय केले, हे आमच्या मंडळींना विचारावे. दोन्हीकडे पूर्ण ठरण्याचा एकच सूर मला सापडला नाही, आणि आता तो नव्हताच असे म्हणण्याचे धैर्य आले आहे. याचा अर्थ काहीही चालते असा मात्र होत नाही. देशकारात भूपाचा धैवत लावला तर बाई गाणे थांबवतात. सर्वांना पुरणारी अचूकता नसली, तरी त्या क्षणाची, त्या रागाची अचूकता असतेच, आणि ती अंगवळणी पडलेल्या अचूकतेपेक्षा जास्त कष्टाची असते, कारण ती दरवेळी नव्याने शोधावी लागते.

अब्दुल करीम खाँ मिरजेला राहत असत आणि 1937 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांना तेथेच, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात दफन करण्यात आले. तंबोरा घ्यायला गेलो तेव्हा मी दर्ग्यातही जाऊन आलो. स्वराच्या लगावासाठी ज्यांचे नाव आजही घेतात, त्यांच्या गायकीत तालाच्या अंगाची, बोलांच्या खेळाची बाजू दुय्यम आहे असे इतर घराण्यांचे लोक तेव्हाही म्हणत आणि आताही म्हणतात. ती बाजू भक्कम करायला गेले असते, तर ती आस, ती संथ बढत तशीच राहिली असती का? मला नाही वाटत. तंबोऱ्याची खरेदी आणि हा विचार यांचा संबंध इतकाच, की दुकानात परत आल्यावर चाचांचा प्रश्न मला पहिल्यासारखा टाळाटाळीचा वाटला नाही.

आता उरलेल्या तक्रारी. पहिल्या पावसाळ्यात पंचमाची खुंटी फुगून बसली, नंतर थंडीत सैल होऊन सरकू लागली; खडूची पूड लावून काम भागवले, पण नव्या वाद्याच्या खुंटीने इतके रुसायला नको होते. गवसणीची चेन चौथ्या महिन्यात गेली. (‘गगनाला गवसणी’ घालणाऱ्यांनी चेनऐवजी जुन्या पद्धतीची नाडीच घ्यावी.) तारांचा जादा संच बरोबर दिला नव्हता, मागून घ्यावा लागला. भोपळ्याविषयी मात्र तक्रार नाही. हे भोपळे पंढरपूरच्या परिसरातून येतात. खाण्याच्या भोपळ्याहून जात वेगळी, साल जाड, आणि तोडल्यावर महिनोन्‌महिने वाळवावे लागतात. दोन भोपळे कधी सारखे निघत नाहीत, म्हणून मैफलीसाठी तंबोऱ्यांची जोडी हवी असेल, तर जुळता भोपळा मिळेपर्यंत थांबायची तयारी ठेवावी लागते. माझ्या भोपळ्याला एका बाजूला किंचित पोचा आहे. घेताना मी दुसरा दाखवायला सांगितले होते. तो गोल होता, पण आवाज याच्यातच होता.

कोणी घ्यावा, हे सांगतो. ज्याचा षड्ज पक्का झाला आहे, ज्याच्या जवळपास तंबोरा लावायला शिकवणारे माणूस आहे आणि ज्याला रोजच्या रियाजाच्या वेळेतली पंधरा-वीस मिनिटे नुसती लावण्यात घालवणे परवडते, त्याने जरूर घ्यावा. मिरजेला स्वतः जावे, घाई करू नये, जवारी आपल्यासमोर काढून घ्यावी आणि शक्य असल्यास गुरूंना बरोबर न्यावे. वाद्य घेतले की गाणे सुधारेल, अशी ज्यांची अपेक्षा आहे, त्यांच्यासाठी ‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण आहेच. तंबोऱ्याने माझे गाणे सुधारल्याचा पुरावा अजून मिळालेला नाही. माझे गाणे कोठे कोठे बिघडते, हे मात्र मला पूर्वीपेक्षा फार बारकाईने ऐकू येते आणि पहाटे उठायला आता गजर लागत नाही.

जवारी पुन्हा उतरू लागली आहे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तंबोरा मिरजेला न्यायचा आहे. किती उघडायची, हे या वेळी मी चाचांना सांगणार आहे: माझा आवाज वयाने खालच्या अंगाला भरत चालला आहे, तेव्हा आधीपेक्षा थोडी बंद. बाईंचे मत ती आणखी उघडावी असे आहे.